दस्तक आणि भरवसा

अल्पवयीन मुलाला काकामामांबरोबर परदेशी धाडायचे झाले, म्हणजे आईबापांच्या सहीचे संमतिपत्र सोबत द्यावे, असे आज जाणती माणसे सांगतात. मूल कोणाचे, कोणाच्या हवाली केले आणि त्याबद्दल जबाबदार कोण, हे त्या कागदावरून कळते. प्रश्न मात्र पासपोर्टाहून जुने आहेत. आपल्या इतिहासातील त्यांचे एक उत्तर जयपूरच्या दप्तराशी निगडित आहे.

जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला. बादशहाचे सेनापती होते आंबेरचे, म्हणजे पुढे जयपूर वसविणाऱ्या घराण्याचे, मिर्झाराजे जयसिंग. शिवाजीमहाराजांनी पाच हजारांची मनसब आठ वर्षांच्या संभाजीराजांच्या नावे घेतली आणि मुलाला मिर्झाराजांच्या छावणीत धाडले. आई सईबाई १६५९ मध्येच निवर्तल्या होत्या. संमती बापाची खरी. पण ती तहाने बांधलेली होती.

पुढील वर्षी पितापुत्र आग्र्यास गेले. १२ मे १६६६ च्या दरबारानंतर महाराजांवर पहारा बसला. आंबेरच्या कारभाऱ्यांनी तेथून लिहिलेली पत्रे जयपूर दरबारच्या दप्तरात टिकली. जदुनाथ सरकारांनी ती अभ्यासकांपुढे मांडली. मिर्झाराजांचे पुत्र रामसिंग हे महाराजांना जामीन राहिले होते, हे त्यांतून कळते. आपल्या माणसांना परत धाडण्यासाठी महाराजांनी दस्तके, म्हणजे प्रवासाचे परवाने, मागून घेतली.

ऑगस्टमध्ये महाराज निसटले. लहान मुलासह भरधाव जाणे धोक्याचे होते. बखर सांगते, की मथुरेस मोरोपंत पिंगळ्यांच्या मेहुण्यांच्या हवाली त्यांनी संभाजीराजांना केले. ते रक्ताचे आप्त नव्हते आणि मुलाच्या खऱ्या नावाचे दस्तक तर जिवावर बेतले असते. वाटेत संशय आला तेव्हा सोबतच्या ब्राह्मणाने मुलाबरोबर एका पात्रात जेवून तो आपलाच असल्याची खात्री पटविली, अशी आख्यायिका आहे. पुढे संभाजीराजे राजगडी सुखरूप पोहोचले.

रामसिंगांना मात्र जामीनकीपायी मनसब गमवावी लागली आणि दरबार बंद झाला. मथुरेच्या त्या भावांनी लिहून काहीच दिले नव्हते. पकडले जाते तर त्यांचा प्राणच गेला असता. आपण आज मुलाच्या संमतिपत्रावर सही करतो, तेव्हा ते कोणाच्या हाती देत आहोत हा विचार आधी करावा, सही मागून.