दोन अँटिबायोटिक्स म्हणजे दुप्पट गुण?

आजच्या भागात औषधांच्या जोड्यांचा इतिहास सांगतो.

रक्तात जंतू शिरले आणि नेहमीची औषधं चालेनाशी झाली, की आयसीयूबाहेर बसलेले नातेवाईक हमखास म्हणतात, "डॉक्टर, अजून एक स्ट्राँग अँटिबायोटिक जोडा ना." एकापेक्षा दोन बरे, हा हिशोब आपल्या डोक्यात पक्का बसलाय. डॉक्टरांनाही तो बराच काळ पटत होता. तो कुठे खरा ठरला आणि कुठे फसला, ते बघू.

सुरुवात १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून करू. पेनिसिलिन नुकतंच आलं होतं. पण हृदयाच्या झडपेवर एन्टेरोकॉकस नावाचा जंतू बसला आणि तिथून रक्तात पसरत राहिला, तर एकटं पेनिसिलिन पुरायचं नाही. जंतूची वाढ थांबायची, पण तो मरायचा नाही. मग डॉक्टरांनी जोडीला स्ट्रेप्टोमायसिन दिलं आणि रुग्ण बरे होऊ लागले. यामागचं कारण नंतर कळलं. स्ट्रेप्टोमायसिनला जंतूच्या आत नीट शिरता येत नव्हतं. पेनिसिलिन जंतूची भिंत खिळखिळी करतं आणि त्या वाटेनं दुसरं औषध आत जातं. एकानं दार फोडायचं, दुसऱ्यानं आत जाऊन काम करायचं.

हे बघून कुणालाही वाटेल, मग सगळीकडेच दोन देऊ की! पण १९५१ मध्ये अमेरिकेतल्या लेपर आणि डाउलिंग या डॉक्टरांनी मेंदूच्या आवरणाला होणाऱ्या न्यूमोकॉकसच्या संसर्गाबद्दल एक निरीक्षण छापलं. नुसतं पेनिसिलिन मिळालेल्यांपेक्षा पेनिसिलिन आणि ऑरिओमायसिन अशी दोन्ही औषधं मिळालेले रुग्ण जास्त प्रमाणात दगावले होते. असं का व्हावं? पेनिसिलिन मारतं ते वाढणाऱ्या, नवी भिंत बांधणाऱ्या जंतूला. ऑरिओमायसिन ती वाढच थांबवतं. म्हणजे एका औषधानं दुसऱ्याचेच हात बांधले.

तुम्ही म्हणाल, टीबीला चार-चार गोळ्या देतात, त्याचं काय? तिथला हेतू वेगळा आहे. कोट्यवधी जंतूंमध्ये एखादा आधीपासूनच एका औषधाला दाद न देणारा असतो. तो दुसऱ्या औषधाला सापडावा म्हणून ती जोडणी.

आता आपल्या काळात येऊ. २००८ मध्ये स्वीडनमध्ये एका रुग्णाच्या लघवीत क्लेब्सिएला हा जंतू सापडला. रुग्ण आधी नवी दिल्लीत उपचार घेऊन आला होता. या जंतूकडे एक एन्झाइम होतं, जे कार्बापेनेम गटाची औषधंही तोडून टाकायचं. ही औषधं म्हणजे डॉक्टरांचा हुकमाचा एक्का! एन्झाइमला नाव मिळालं एनडीएम, त्यातला 'एनडी' म्हणजे न्यू दिल्ली. नावावरून आपल्याकडे बराच वादही झाला.

असे जंतू वाढले तसं डॉक्टरांनी कोलिस्टिन पुन्हा बाहेर काढलं. किडनीला त्रास देतं म्हणून बाजूला ठेवलेलं हे जुनं औषध. त्याच्यावर एकट्यावर भरवसा नव्हता, म्हणून सोबत मेरोपेनेम द्यायची पद्धत पडली. जंतू मेरोपेनेमला दाद देत नसला तरी! शेवटी इस्रायल, ग्रीस आणि इटलीत ४०६ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली. कुणाला एक औषध आणि कुणाला दोन, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं गेलं. २०१८ मध्ये निकाल आला. २८ दिवसांत नुसत्या कोलिस्टिनच्या गटात ४३ टक्के रुग्ण दगावले, जोडीच्या गटात ४५ टक्के. म्हणजे फरक पडला नाही. या रुग्णांत बहुतेकांना असिनेटोबॅक्टर हा जंतू होता, हेही लक्षात ठेवा.

मग जोड्यांचा नाद सोडायचा का? नाही. मला सगळ्यात आवडलेली जोडी इथेच येते. अ‍ॅझट्रिओनाम हे १९८० च्या दशकातलं औषध. एनडीएमला ते तोडता येत नाही. पण त्याच जंतूकडे बहुधा इतरही एन्झाइम असतात आणि ती मात्र तोडतात. त्या इतरांना अडवतं अ‍ॅव्हिबॅक्टम. ते सुटं मिळत नव्हतं, सेफ्टाझिडिमसोबत एकाच बाटलीत यायचं. डॉक्टरांनी ती बाटली अ‍ॅझट्रिओनामच्या जोडीला लावली. एक ढाल, एक तलवार.

इटली आणि ग्रीसमधल्या रुग्णांचा अभ्यास २०२१ मध्ये छापून आला. एनडीएमसारखी एन्झाइम असलेल्या जंतूंचा रक्तात संसर्ग झालेले १०२ जण त्यात होते. ही जोडी मिळालेल्या ५२ पैकी १० जण महिन्याभरात दगावले. इतर औषधं मिळालेल्या ५० पैकी २२. इथे औषध डॉक्टरांनी निवडलं होतं, चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या, म्हणून आकडे जरा जपून वाचायचे. तरी फरक मोठा आहे. पुढे अ‍ॅझट्रिओनाम आणि अ‍ॅव्हिबॅक्टम एकत्र असलेलं औषधच आलं. २०२४ मध्ये युरोपनं आणि २०२५ मध्ये अमेरिकेनं त्याला मान्यता दिली.

एवढ्या इतिहासातून मी एक गोष्ट उचलली. किती औषधं चालू आहेत यापेक्षा प्रत्येक औषध नेमकं काय करतंय, हे महत्त्वाचं. काम नसलेलं औषध रुग्णाला नुसता त्रास देतं आणि उरलेल्या जंतूंना सराव.

म्हणून घरच्या कुणावर अशी वेळ आलीच, तर "अजून एक जोडा" म्हणण्याआधी दोन गोष्टी विचारा. रक्ताच्या कल्चरमध्ये कोणता जंतू आला? आणि तो कोणत्या औषधाला दाद देतोय? कल्चरचा रिपोर्ट यायला एक-दोन दिवस किंवा जास्तही लागतात. तोवर डॉक्टर अंदाजानं दोन औषधं सुरू करतील, ते ठीकच. रिपोर्ट आल्यावर त्यांनी एक काढून टाकलं, तर घाबरू नका. उपचार कमी झाला असं नसतं, तो नेमका झालेला असतो.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!