ओट्सची कुकी आणि ज्वारीचे पीठ

प्रस्तुत विवेचनात ‘कुकी’ या संज्ञेने धान्याचे पीठ, स्निग्ध पदार्थ व साखर यांपासून अत्यल्प पाण्यात मळलेला आणि कोरड्या उष्णतेवर भाजलेला पदार्थ अभिप्रेत आहे. पाण्याची अल्पता हे येथील व्यवच्छेदक लक्षण होय. पावाला वायू धरून ठेवणारे ग्लुटेन लागते. कुकीत ते फारसे निर्माण होऊ नये म्हणून पिठाच्या कणांवर तुपाचे आवरण चढवले जाते. ग्लुटेनरहित धान्य कुकीसाठी तत्त्वतः अपात्र नाही, हे यातूनच सिद्ध होते.

हिंगोली जिल्ह्यात या निष्कर्षाला व्यावहारिक महत्त्व आहे. ओट्स तेथे किराणा दुकानातील पुडीतून येतात. ज्वारी भाकरीसाठी घरात असतेच. तेव्हा ओट्सचे कार्य ज्वारी कितपत करू शकते, हा खरा प्रश्न आहे.

ओट्सचे कार्य द्विविध आहे. १) पाकळीच्या आकारामुळे कुकीला चावण्याजोगा भरडपणा येतो. २) बीटा-ग्लुकान या तंतूमुळे ओलावा धरला जातो व मिश्रण बांधले जाते. शिवाय चपटे करण्यापूर्वी हे दाणे वाफवलेले असतात, त्यामुळे त्यांतील स्टार्च अंशतः शिजलेला असतो. ज्वारीच्या कच्च्या पिठात यांपैकी काहीच नाही. म्हणून केवळ ज्वारीची कुकी हातात घेताच फिसकटते. पहिल्या कार्यासाठी निम्मे ओट्स राखणे हाच सरळ मार्ग. दुसऱ्यासाठी उपाय भाकरीच्या परातीतच आहे: उकळते पाणी. ज्वारीचा स्टार्च सुमारे ७० अंश सेल्सिअसला फुगू लागतो व चिकटपणा धरतो.

प्रमाण असे: ओट्स १०० ग्रॅम, ज्वारीचे पीठ १०० ग्रॅम, तूप १०० ग्रॅम, किसलेला गूळ १०० ग्रॅम, खाण्याचा सोडा पाव चहाचा चमचा. पिठापैकी २५ ग्रॅमवर तेवढेच उकळते पाणी ओतून उकड करावी आणि ती पूर्ण निवू द्यावी. गरम उकडीने तूप वितळते, कुकी ताटलीभर पसरते. तूप व गूळ एकत्र फेसून त्यात उकड, मग उर्वरित कोरडे जिन्नस मिसळावेत. वेगळे दूध घालू नये. गूळ किंचित आम्लधर्मी असल्याने सोड्याला प्रतिक्रियेसाठी आम्ल मिळते. पांढऱ्या साखरेत ते नाही, म्हणून साखर वापरल्यास सोड्याऐवजी बेकिंग पावडर घ्यावी. मिश्रण अर्धा तास झाकून ठेवावे, म्हणजे ओट्स ओलावा शोषतात.

भाजण्याची साधने दोन. ओव्हनमध्ये १७० अंशांवर १५ ते १८ मिनिटे पुरतात. ओव्हन नसल्यास जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर, त्यावर तिवई, तिवईवर ताटली आणि वर घट्ट झाकण. कढई आधी दहा मिनिटे तापवावी. येथे उष्णता प्रामुख्याने खालून येते, त्यामुळे बूड लाल होते तरी माथा फिकाच राहतो. माथ्याच्या रंगाची वाट पाहणारा बूड जाळतो. म्हणून परीक्षा कडेच्या रंगावरून करावी, मऊपणावरून तर नव्हेच: वितळलेल्या गुळामुळे गरम कुकी मऊच लागते, कडकपणा निवल्यावर येतो.

पीठ मात्र ताजे दळलेले हवे. विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापताना तुटते, आणि त्याची उकडही कुकीला बांधत नाही.