गर्भाचे हृदय आणि वीस आठवड्यांची रेषा

१९७१ साली भारतात वैद्यकीय गर्भपाताचा कायदा संमत झाला आणि त्याने वीस आठवड्यांची मर्यादा आखली. त्या काळी गर्भाच्या हृदयाचे ठोके ऐकता येत. हृदयाची रचना मात्र दिसत नसे. लंडनमधील लिंडसे ॲलन आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये सोनोग्राफीतील गर्भहृदयाची चित्रे प्रत्यक्ष शरीररचनेशी ताडून पाहिली. त्यानंतर या तपासणीला शास्त्रीय पाया लाभला.

अडचण मूलतः भौतिकीची होती. गर्भाचे हृदय मिनिटाला साधारण १२० ते १६० वेळा धडधडते; म्हणजे एका ठोक्याला सुमारे ०.४ सेकंद. शरीरात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५४० मीटर असल्याने १० सेंटिमीटर खोलीवरून प्रतिध्वनी परतण्यास ०.१३ मिलिसेकंद लागतात. एका चित्रात २०० रेषा धरल्या, तर सेकंदाला जेमतेम ३८ चित्रे, म्हणजे एका ठोक्याला पंधरा-सोळाच मिळतात. पुढे अनेक ठोक्यांतील चित्रे ठोक्याच्या टप्प्यानुसार जुळवून एकाच ठोक्याचे त्रिमितीय चलत्‌चित्र रचण्याचे तंत्र आले.

तरीही हृदयाची सविस्तर तपासणी प्रायः १८ ते २२ आठवड्यांदरम्यानच होते. निदान आणि कायदा यांची गाठ नेमकी येथे पडते. २००८ मध्ये मुंबईतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार आणि एक दांपत्य मुंबई उच्च न्यायालयात गेले. गर्भाच्या हृदयात पूर्ण 'हार्ट ब्लॉक' आढळला होता. वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या ठोक्यांचा मेळ तुटला होता. वीस आठवडे उलटून गेले होते. मूल गंभीर अपंगत्व घेऊन जन्मेल, असे तज्ज्ञांनी निश्चितपणे म्हटलेले नाही, या कारणास्तव न्यायालयाने परवानगी नाकारली.

कायदा बदलण्यास आणखी तेरा वर्षे लागली. २०२१ च्या दुरुस्तीने ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी मर्यादा चोवीस आठवडे केली. वैद्यकीय मंडळाने गर्भात गंभीर व्यंग असल्याचे निदान केल्यास आठवड्यांची अट उरली नाही.

या चित्राचा उपयोग मात्र केवळ गर्भपाताच्या निर्णयापुरता नाही. हृदयातील मोठ्या धमन्यांची अदलाबदल आधीच कळली, तर प्रसूती हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयाजवळ योजता येते. मंडला-डिंडोरीहून उपचारांसाठी जबलपूर गाठणाऱ्या कुटुंबांना अशी पूर्वसूचना विशेष मोलाची. कारण जन्मानंतरचे पहिले तास प्रवासात गेले, तर अशा बाळाच्या जिवावर बेतू शकते.