खंबायतेचा अकीक

आज रोगनिवारक म्हणून देशोदेशी विकले जाणारे अकिकाचे मणी ज्या खंबायतेत शतकानुशतके घडत आले, त्या बंदराच्या चौथाईतील पेशव्यांचा हिस्सा १८०२ च्या वसईच्या तहाने कंपनी सरकारकडे गेला, याची नोंद दप्तरात आहे. मणी घासणाऱ्यांची मात्र दाद कोणत्याच अमदानीने घेतली नाही. राजपिपळ्याच्या मुलखात, रतनपूरजवळ, भिल्ल मजूर अरुंद विहिरींत उतरून अकिकाचा दगड काढीत. तो उन्हात वाळवून, मडक्यांत घालून शेणाच्या आचेवर भाजला म्हणजे त्यातील लोहांश लाल होई, आणि तो माल अरबस्तान व आफ्रिकेपर्यंत जाई. या विद्येचे जनकत्व परंपरेने सिद्दी पीर बाबा घोर यांच्याकडे दिले आहे. पण हडप्पाकालीन लोथलच्या उत्खननात सापडलेला मण्यांचा कारखाना पाहता ती त्यांच्याहून फार प्राचीन, हे उघड आहे. पुढे विजेची चाके आली, काम वाढले, आणि राहत्या घरातच उडणारी गारेची सूक्ष्म धूळ फुप्फुसांत साचून कारागिरांना, त्यांच्या बायकामुलांनाही, सिलिकोसिस जडू लागला, ज्यावर पुष्कळदा क्षय समजूनच उपचार होतात. आरोग्यासाठी मणी धारण करणाऱ्या ग्राहकाला याची वार्ताही नसते. धूळ ओढून घेणारी यंत्रे उपलब्ध आहेत. परंतु नगावर मजुरी घेणाऱ्याने ती कोणत्या मिळकतीतून बसवावी, याचा विचार व्यापाऱ्यांनीच करावयास हवा होता.