सीताफळाची बी आणि फणी

वर्गातल्या एखाद्या मुलीच्या डोक्यात उवा दिसल्या, की सीताफळाच्या बियांची पूड लावण्याचा सल्ला आपल्याकडे हमखास मिळतो. हा उपाय आपल्याला फार प्राचीन वाटतो. परंतु सीताफळाचे मूळ अमेरिकेत. ते पोर्तुगिजांबरोबर भारतात आले, असे बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर चौल-रेवदंड्याला १५२१ पासून १७४० पर्यंत त्यांचे ठाणे होते. म्हणजे हा उपाय चार-पाचशे वर्षांपलीकडचा नसावा. बियांतील विषाने उवा मरतात हे खरे. पण पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला जखम होते.

फणी मात्र खरोखर जुनी. इस्राएलमधील लाखीश येथे सापडलेल्या, सुमारे ३७०० वर्षांपूर्वीच्या हस्तिदंती फणीवर केसांतील व दाढीतील उवा जाव्यात अशी इच्छा कोरलेली आहे. त्या लेखाचे वाचन २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

कोंडा झटकला की पडतो, लीख केसाला घट्ट चिकटून राहते. ती साधारण आठवड्याने फुटते. म्हणून ओल्या केसांतून दर तीन-चार दिवसांनी, दोन-तीन आठवडे फणी फिरवावी. घरातल्या सर्वांची डोकी पाहावीत. ऊ उडी मारत नाही; डोक्याला डोके लागले की चालत जाते, आणि स्वच्छ केसांतही राहते. तेव्हा त्या मुलीला वेगळे बसवण्याचे आपल्याला काहीच कारण नाही.