विद्यापीठाचे दार आणि स्वमग्न विद्यार्थी : मदतीच्या व्यवस्थेचा अपुरा इतिहास

१/
१९५८ साली अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील मिलसॅप्स महाविद्यालयातून एक तरुण फ्रेंच विषयात पदवीधर झाला. त्याचे नाव डोनाल्ड ट्रिपलेट. पंधरा वर्षांपूर्वीच वैद्यकीय वाङ्मयात त्याची नोंद 'डोनाल्ड टी.' या नावाने झाली होती. स्वमग्नतेच्या निदानाचा इतिहास सामान्यतः त्याच्यापासून मोजला जातो. त्या काळी त्याच्यासाठी ना कायदा होता, ना मदत कक्ष, ना प्रमाणपत्र. आज हे सारे आहे. तरीही स्वमग्न विद्यार्थी विद्यापीठात एकाकी का पडतो? या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी इतिहासात आहे. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/
प्रथम शब्दाविषयी. 'ऑटिझम' हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी ग्रीक 'ऑटोस्' म्हणजे 'स्व' यावरून घडवला. मराठीत त्याची 'स्वमग्नता' झाली. या शब्दातून स्वतःत बुडालेला, जगाशी देणेघेणे नसलेला माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. प्रत्यक्षात अनेक स्वमग्न व्यक्तींना जग इतरांपेक्षा अधिक तीव्रतेने जाणवते. ट्यूबलाइटची गुणगुण, गर्दीचा कोलाहल, ऐनवेळी झालेला बदल, न बोलता दिलेले संकेत यांचा ताण त्यांना असह्य होऊ शकतो. शब्द रूढ आहे म्हणून येथे वापरला आहे. त्यातला गैरसमज मात्र बाजूला ठेवावा.

३/
डोनाल्डचा जन्म १९३३ चा. चार वर्षांचा होण्याआधीच, वैद्यकीय सल्ल्यानुसार, त्याला एका संस्थेत ठेवण्यात आले. सुमारे वर्षभराने आईवडिलांनी त्याला घरी परत आणले. वकील असलेल्या वडिलांनी मुलाच्या वागण्याचे ३३ पानी टंकलिखित टिपण तयार केले आणि बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्सचे बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांना पाठवले. १९४३ मध्ये कॅनर यांनी ११ मुलांचे वर्णन करणारा आपला प्रसिद्ध निबंध प्रकाशित केला. त्यातील पहिले प्रकरण डोनाल्डचे होते.

४/
याच काळात डोनाल्ड काही वर्षे एका शेतकरी दांपत्याकडे राहत होता. तो मक्याच्या ओळी पुनःपुन्हा मोजत बसे. शेतकऱ्याने त्याला मोजू नकोस असे सांगितले नाही. हाती नांगर दिला आणि नांगरता नांगरता मोजायला सांगितले. मोजमापाचे वेड होते, म्हणून विहीर खणायला लावून तिची खोली सांगण्याचे काम दिले. कॅनर यांनी हे स्वतः पाहिले आणि पुढे नोंदवून ठेवले. 'यथोचित समायोजन' ही कायद्याची भाषा जन्माला येण्यापूर्वी त्या शेतकऱ्याला तिचे मर्म उमगले होते : माणसाचा स्वभाव जाणून कामाची मांडणी बदलणे. हा प्रसंग लक्षात ठेवा. शेवटी त्याच्याकडे परत यायचे आहे.

५/
डोनाल्डच्या पदवीमागे त्याची बुद्धी होती, तसेच नशीबही होते. आईच्या माहेरची मालकी असलेली बँक गावात होती. पुढे त्याने तेथेच नोकरी केली. फॉरेस्ट नावाच्या त्या छोट्या गावाने त्याला आपला मानले. इतर सर्वांना हे भाग्य लाभले नाही. १९७१ मध्ये कॅनर यांनी त्या ११ मुलांचा पुन्हा मागोवा घेतला, तेव्हा मोठ्या सरकारी संस्थांत गेलेल्यांची अवस्था दारुण असल्याचे त्यांना दिसले. निदान तेच, काळही तोच. फरक होता तो भोवतालच्या माणसांचा आणि साधनांचा.

६/
मग विद्यापीठांनी या विद्यार्थ्यांचा विचार का केला नाही? एक कारण निदानाच्या नावातच दडलेले होते. कॅनर यांनी त्याला 'बाल्यावस्थेतील स्वमग्नता' म्हटले. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत १९८० साली त्याला स्वतंत्र स्थान मिळाले, तेही याच अर्थाच्या नावाने. जो विकार बाळाचा, त्याचा वीस वर्षांचा विद्यार्थी कल्पनेत येणार कसा? त्यात १९६७ मध्ये शिकागो विद्यापीठातील ब्रूनो बेटलहाइम यांनी मातांच्या भावनिक थंडपणावर दोष ढकलणारे मत लोकप्रिय केले. पुढील संशोधनाने ते खोटे ठरवले. परंतु दरम्यान आयांनी अपराधीपणाचे ओझे वाहिले, ते वाहिलेच.

७/
आता दुसरा प्रवाह पाहू. १९६२ साली एड रॉबर्ट्स नावाचा तरुण कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात दाखल झाला. पोलिओमुळे मानेखालचे शरीर जवळजवळ निश्चल. श्वासासाठी 'आयर्न लंग' हे अवजड यंत्र. वसतिगृहात त्याची सोय होईना, म्हणून विद्यापीठाच्या कॉवेल रुग्णालयाचाच एक भाग त्याचे वसतिगृह झाला. त्याच्यामागून चाकाच्या खुर्चीवरील आणखी विद्यार्थी आले. त्यांनीच संघटित होऊन विद्यापीठाशी झुंज दिली.

८/
या झुंजीतून १९७० मध्ये बर्कलीत 'शारीरिक अपंग विद्यार्थी कार्यक्रम' सुरू झाला. मदतनीस मिळवून देणे, योग्य घर शोधणे, चाकाची खुर्ची दुरुस्त करून देणे ही त्याची कामे. पुढे जगभरच्या विद्यापीठांत उभ्या राहिलेल्या मदत कक्षांचा हा एक महत्त्वाचा पूर्वज. नावातील पहिला शब्द पाहा : 'शारीरिक'. हा दोष संस्थापकांचा नव्हे. ज्यांनी लढा दिला, त्यांनी आपल्या अनुभवातून व्यवस्था घडवली. स्वमग्न विद्यार्थी त्या खोलीत बोलायला उपस्थित नव्हता, इतकेच.

९/
१९७३ च्या अमेरिकन पुनर्वसन कायद्यातील कलम ५०४ ने सरकारी निधी घेणाऱ्या संस्थांना अपंगत्वावरून भेदभाव करण्यास मनाई केली. नियम मात्र रखडले. एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील सरकारी इमारतीत अपंग कार्यकर्त्यांनी तीन आठवड्यांहून अधिक काळ ठिय्या दिला. २८ एप्रिलला नियमांवर स्वाक्षरी झाली. नागरी हक्कांच्या इतिहासातील हा एक थोर विजय आहे. रॅम्प, सांकेतिक भाषेचे दुभाषे, परीक्षेतील जादा वेळ या सोयींना त्यातून कायद्याचे बळ मिळाले.

१०/
या नमुन्यात दोन गृहीतके होती. पहिले, अडथळा डोळ्यांना दिसतो किंवा नेमका सांगता येतो. दुसरे, विद्यार्थी स्वतः कक्षात येईल, आपले अपंगत्व सांगेल आणि हवी ती सोय मागेल. शालेय कायद्यात असे नव्हते. १९७५ च्या अमेरिकन कायद्याने अपंग मुलांना शोधून काढण्याची जबाबदारी शाळाव्यवस्थेवर टाकली आणि १९९० मध्ये त्यात स्वमग्नता हा स्वतंत्र वर्ग आला. शाळा संपली की ही छत्रछाया संपते. शाळा शोधत येते. विद्यापीठ वाट पाहते.

११/
येथेच खरी गोम आहे. अनोळखी कार्यालयात जाणे, अपरिचित अधिकाऱ्याला आपली अडचण शब्दांत सांगणे, ती दर सत्रात नव्या प्राध्यापकांना पुन्हा समजावणे, उत्तर न आल्यास पाठपुरावा करणे : मदत मिळवण्याची ही रीत. अनेक स्वमग्न विद्यार्थ्यांना नेमके हेच सर्वाधिक अवघड जाते. पायऱ्या चढता येत नाहीत अशा माणसाने रॅम्पचा अर्ज तिसऱ्या मजल्यावर नेऊन द्यावा, अशातला हा प्रकार. अर्ज आला नाही म्हणजे गरज नाही, असे मग कार्यालय समजते.

१२/
ब्रिटनमध्ये १९८१ साली लोर्ना विंग यांनी हान्स आस्पर्गर यांचे जुने जर्मन काम इंग्रजी वाचकांपुढे आणले आणि स्वमग्नतेची कल्पना विस्तारली. १९९४ च्या अमेरिकन निदानपुस्तिकेत 'आस्पर्गर विकार' आला. परिणामी अस्खलित बोलणाऱ्या, अभ्यासात हुशार मुलांचेही निदान होऊ लागले. हीच पिढी पुढे विद्यापीठांच्या दारी उभी राहिली. ब्रिटनच्या १९९५ च्या अपंगत्व-भेदभाव कायद्याने शिक्षणक्षेत्र बहुतांशी वगळले होते. ते २००१ च्या कायद्याने आत आणले. हुशारीनेच मात्र नवा पेच निर्माण केला : गुण चांगले आहेत, मग मदत कशाला?

१३/
दरम्यान स्वमग्न व्यक्ती स्वतः बोलू लागल्या होत्या. पशुविज्ञानाच्या अभ्यासक टेंपल ग्रँडिन यांनी १९८६ मध्ये आत्मकथन प्रसिद्ध केले आणि १९८९ मध्ये इलिनॉय विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. तरुणपणी मन शांत करण्यासाठी त्यांनी शरीराला दाब देणारे एक यंत्र बनवले होते; भोवतालच्या काही तज्ज्ञांना ते विकृतीचे लक्षण वाटले. त्यांच्या एका विज्ञानशिक्षकाने मात्र सांगितले की दाबाने शांत का वाटते, याचाच अभ्यास कर. तोच धागा धरून त्या संशोधनाकडे वळल्या.

१४/
१९९३ मध्ये जिम सिंक्लेअर यांनी पालकांना उद्देशून लिहिले की आमच्यासाठी शोक करू नका. १९९८ मध्ये सिडनीतील विद्यार्थिनी ज्युडी सिंगर यांच्या प्रबंधात 'न्यूरोडायव्हर्सिटी', म्हणजे मेंदूंचे वैविध्य, ही कल्पना मांडली गेली. ज्ञानेंद्रियांची अतिसंवेदनशीलता अमेरिकन निदाननिकषांत स्पष्टपणे यायला मात्र २०१३ उजाडले. ज्या त्रासाविषयी स्वमग्न माणसे वर्षानुवर्षे सांगत होती, तो निकषांत यायलाच इतका काळ लागला. मग व्याख्यानगृहाच्या दिव्यांचा आणि आवाजाचा विचार कोणी करावा?

१५/
आता भारताकडे वळू. १९९१ मध्ये दिल्लीत मेरी बरुआ यांनी 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था स्थापन केली. चार वर्षांनी, १९९५ मध्ये, देशाचा पहिला व्यापक अपंग व्यक्ती कायदा संमत झाला. त्यात सात प्रकार होते : अंधत्व, अल्पदृष्टी, बरा झालेला कुष्ठरोग, श्रवणदोष, चलनवलनाचे अपंगत्व, मतिमंदत्व आणि मानसिक आजार. शासकीय व अनुदानित शिक्षणसंस्थांत किमान ३ टक्के जागाही राखीव झाल्या. त्या यादीत स्वमग्नता नव्हती.

१६/
१९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नतेचे नाव प्रथम कायद्यात आणले. हे पाऊल मोलाचे होते. तथापि त्या कायद्याचा मुख्य प्रश्न कोणता होता? आईवडिलांच्या पश्चात या व्यक्तीचा सांभाळ कोण करील आणि अठरा वर्षांनंतर तिचा पालक कोण असेल. प्रश्न खरा होता. असंख्य घरांना आजही तो रात्री झोपू देत नाही. पण अठरा वर्षांची स्वमग्न व्यक्ती महाविद्यालयात प्रवेशाचा अर्ज भरत असेल, हे चित्र त्या कायद्याच्या केंद्रस्थानी नव्हते.

१७/
भारताने ऑक्टोबर २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला मान्यता दिली. त्याला अनुसरून २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला. १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. सात प्रकारांचे एकवीस झाले आणि त्यांत स्वमग्नता समाविष्ट झाली. शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव झाल्या. यथोचित समायोजन नाकारणे हाच भेदभाव, असे कायद्याने स्पष्ट केले. कागदावर हा फार मोठा पल्ला आहे.

१८/
अडचण आकड्यात आहे. आरक्षणासाठी प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के अपंगत्व लागते. स्वमग्नता मोजण्यासाठी भारतात ४० मुद्द्यांची एक भारतीय मापनश्रेणी वापरली जाते. परंतु शांत खोलीत सहज बोलणारी विद्यार्थिनी गजबजलेल्या उपाहारगृहात निःशब्द होऊ शकते. मग तिची टक्केवारी कोणत्या खोलीतली धरायची? वर्षानुवर्षे इतरांसारखे वागण्याचा सराव करून ज्यांनी आपली घालमेल लपवली, त्यांचा आकडा कमी भरतो. त्या लपवण्याला किती श्रम पडतात, याचा रकाना प्रमाणपत्रावर नाही.

१९/
फेब्रुवारी २०२१ मध्ये 'विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाचा निकाल दिला. प्रकरण लेखनातील अडचणीचे आणि लेखनिकाच्या मागणीचे होते, स्वमग्नतेचे नव्हते. न्यायालयाने सांगितले की लेखनिकाची सोय ४० टक्क्यांच्या अटीत अडकवता येणार नाही आणि समायोजन त्या त्या व्यक्तीच्या गरजेनुसार ठरले पाहिजे. म्हणजे जे शेतकऱ्याला मक्याच्या शेतात उमगले, ते आपल्या न्यायव्यवस्थेने तत्त्व म्हणून मांडले. महाविद्यालयाच्या खिडकीपर्यंत ते पोहोचणे अजून बाकी आहे.

२०/
कारण खिडकीवर आजही बहुधा दोनच गोष्टी मिळतात : लेखनिक आणि जादा वेळ. ज्याला लिहिता उत्तम येते, पण ऐनवेळी बदललेल्या परीक्षागृहाने ज्याचे मन सैरभैर होते, त्याला लेखनिकाचा काय उपयोग? त्याला हवी असते आदल्या दिवशीची सूचना, कमी गर्दीची खोली, तोंडी परीक्षेतील प्रश्न लेखी स्वरूपात, गटप्रकल्पात कामाची स्पष्ट वाटणी, आणि वर्षभर तोच राहणारा एक ओळखीचा माणूस. यांतील बहुतेक गोष्टींना सिमेंट लागत नाही, फारसा निधीही लागत नाही. दिसत नाहीत म्हणून त्या राहून जातात.

२१/
डोनाल्ड ट्रिपलेट २०२३ मध्ये, ८९ व्या वर्षी निवर्तले. पदवी, नोकरी, गोल्फ आणि देशोदेशीचे प्रवास असे भरले आयुष्य ते जगले. त्यांना जे लाभले ते घरच्या सुबत्तेमुळे आणि गावाच्या आपुलकीमुळे. हक्कांच्या चळवळीचा सारा उद्देशच हा की असे आयुष्य नशिबावर अवलंबून राहू नये. रॅम्पसाठी झालेल्या लढ्याने दार उघडले. दारातून आत आल्यावर पुढे काय, हा त्याच इतिहासाचा अपुरा राहिलेला अध्याय आहे.

२२/
वाचकांतले बरेच जण सध्या महाविद्यालयात असतील. आपल्या संस्थेतील समान संधी कक्ष कोठे आहे, तेथे कोण बसते आणि स्वमग्न विद्यार्थ्याला तेथे काय मिळते, एवढे एकदा विचारून पाहा. वर्गातला एखादा सहाध्यायी गटात बोलत नसेल, सूचना लेखी मागत असेल, तर त्याला घमेंडखोर ठरवण्यापूर्वी मक्याच्या त्या शेताची आठवण ठेवा.

धागा समाप्त.