अननसाचे कूळ

बोरिवलीत हल्ली सकाळी मिक्सरमधून हिरवी स्मूदी निघते. पालक, अननस, पपई, केळे! वडीलधारे कुरकुरतात, ‘काय हे परदेशी थेर!’ थेर नवे असेल हो, पण परदेशीपण जुनेच. १५३४ साली वसईबरोबर साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. म्हणजे अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, सगळेच. अमेरिका खंडातले अननस, पपई, पेरू हिंदुस्थानात आणले ते याच मंडळींनी. ‘अननस’ हे नावही त्यांनीच आणलेले. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज गेले, अननस राहिला! आज उपासाला पपई खाताना तिचे कूळ कोण विचारतो? मग स्मूदीलाच का विचारावे? तिलाही दोनशे वर्षे द्या; एखाद्या चतुर्थीला फराळाच्या ताटाशेजारी तिचाही पेला दिसेल.